पुढची डावी सीट

माझ्या भावानं लिटरला अकरा किलोमीटर देणारी गाडी घेतली, तेव्हाच मला समजायला हवं होतं की घरात काहीतरी भयंकर शिजतंय. पण मला वाटलं, त्याला पैसा झालाय.

धैर्यशील म्हणजे पंपावर नळी झटकून शेवटचा थेंब टाकीत पाडून घेणारा माणूस. टायरची हवा दर रविवारी स्वतः मोजणार. कोयनानगर मागं पडलं की एसी बंद करणार. उतार लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढून मुलांना सांगणार, बघा, आता आपण फुकट चाललोय. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण हा त्यावर पंगती उठवेल. असा माणूस दोन टनांची पेट्रोल एसयूव्ही घेऊन चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर उभा राहिला, आणि मी स्कूटरवर बसून बघतच राहिले.

तो कराडला, मी चिपळूणला. मध्ये कुंभार्ली घाट आणि अकरा वर्षांचा अबोला. मी घाटाखालच्या माणसाशी, तेही जातीबाहेर लग्न केलं. आई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी जावयाला काय आवडतं ते विचारलं. बाबा दोन महिने धुमसले आणि मग स्वतःच गाडी काढून माझं घर बघायला आले. धैर्या मात्र म्हणाला होता की तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, आणि तो शब्द त्यानं पाळला. आमच्या घराण्यात कुणी इतक्या निष्ठेनं पाळलेला हा एकच शब्द असावा.

बाबा गेले आणि आईला घाट उतरवण्याचं काम त्याच्याकडे आलं. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहाला त्याची गाडी नाक्यावर यायची. आई उतरायची, मी तिला पाच मिनिटांवरच्या माझ्या घरी न्यायची, आणि तो गाडीतच बसायचा. कराडहून आणलेला डबा खायचा, सीट मागं पाडून झोप काढायचा. चार वाजता मी आईला परत आणून सोडायची. सहा वर्षं हे चाललं. एवढ्या काळात त्यानं माझ्या घरचं पाणी प्यायलं नाही आणि मीही कधी नेऊन दिलं नाही. एका आईची दोन पोरं, हट्ट काय त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आलेला नाही.

येताना आईच्या मांडीवर गाठोडं असायचं. पाटणकडचा इंद्रायणी तांदूळ, घेवडा, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, कांदा-लसणाच्या चटणीची बरणी. सगळं मिळून दहा-अकरा किलो. शंभर किलोमीटर ती ते मांडीवर धरून बसायची आणि मागं डिकी रिकामी यायची. आईचं ठरलेलं होतं. "लेकीचं सामान पायाशी ठिवत न्हाईत, पाठीशीबी न्हाई. ते मांडीवरनंच जातं." तिची आई बैलगाडीत असंच घेऊन यायची म्हणे. परत जाताना मीही तेवढंच द्यायची. नारळ, कोकम, उकडे तांदूळ. तेही तिच्या मांडीवरूनच घाट चढायचं.

मग गाठोडं लहान होत गेलं. आधी तांदूळ बंद झाला. मी विचारलं तर म्हणाली, औंदा चांगला न्हाई मिळाला. मग ज्वारी गेली, मग शेंगदाणे. वर्षभरात गाठोड्याची पिशवी झाली आणि शेवटी रुमालात बांधलेली चटणीची बाटली तेवढी उरली. हे काम माझ्या भावजयीचं, शर्वरीचं, असं मी ठरवून टाकलं. विचारायची गरज काय? नणंदेच्या घरी जाणारं धान्य कुठल्या भावजयीच्या डोळ्यांत खुपत नाही? वर्षभर मी तिला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. आणि आईनं तांदूळ बंद केला तेव्हा मी नारळ बंद केले. ज्वारी बंद झाली तेव्हा कोकम. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, दोन्ही पारडी सारखी ठेवायची मला सवय आहे.

तर त्या शनिवारी आई नव्या गाडीतून उतरली, हातात चटणीची बाटली. घरी गेल्यावर मी विचारलं की तुझ्या चिक्कू चिरंजीवांना ही अवदसा कशी आठवली. आईला काही ठाऊक नव्हतं. जुन्या डिझेल गाडीची पंधरा वर्षं भरली, ती मोडीत द्यावी लागली, एवढंच तिला माहीत. बॅटरीची गाडी त्याला घेता आली नसती, कारण त्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये प्लग लावू द्यायचा की नाही यावरून तीन वर्षं भांडण चालू होतं. पण तीच एसयूव्ही हायब्रिडमध्येही मिळत होती, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, लिटरला चोवीस देणारी. ती सोडून त्यानं ही घेतली.

मग आईनं दुसरंच सांगितलं. धैर्या हल्ली फार मायेनं वागतोय. तिचं दोनदा रक्त तपासून झालं, पोटाची सोनोग्राफी झाली, एका नळकांड्यासारख्या यंत्रात सरकवून फोटो काढून झाले. कुठं काही निघालं नाही. तरी रोज सकाळी भिजवलेले बदाम, आणि शर्वरी संध्याकाळी पाय चेपून देते.

"काय झालंय त्येला कुणाला ठावं," आई म्हणाली. "मला आता भ्या वाटाय लागलंय."

मी म्हटलं, त्याला तुझी कशावर तरी सही पाहिजे असणार, कुठल्याही कागदावर सही करू नकोस. आई हसली. मी हसले नाही.

पुढच्या खेपेला, चौथ्या शनिवारी, आई परसात शेजारणीशी बोलत होती आणि बेल वाजली. दारात धैर्यशील. अकरा वर्षांनी माझा भाऊ उंबरठ्याच्या आत आला. चपला काढल्या, पण कुठं ठेवायच्या ते त्याला कळेना, म्हणून हातातच धरून उभा राहिला. केस पांढरे झाले होते त्याचे. नाक्यावर काचेआडून ते कधी दिसलं नव्हतं.

"आक्का, आई जाणार आहे," तो म्हणाला.

मला वाटलं कुठंतरी जाणार आहे. मग त्याचं तोंड बघितलं आणि कळलं. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. गाडीच्या दुकानाचा कागद होता तो. मरणाचा दाखला गाडीच्या दुकानातून मिळतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यानं जे सांगितलं ते नीट समजण्यासाठी थोडं गणित करावं लागेल, पण ते शाळेतलंच आहे.

गाडीला दोन किमती असतात. एक दुकानात एकदाच मोजायची, दुसरी पंपावर गाडी असेतोवर मोजत राहायची. हायब्रिड गाडी चार लाखांनी महाग होती, पण तेल निम्म्याहून कमी पिणारी. धैर्याची गाडी महिन्याला सातशे किलोमीटर पळायची, त्यातले चारशे आईच्या चिपळूणच्या दोन खेपांचे. पेट्रोल एकशे साठ रुपये. त्या हिशेबानं हायब्रिड महिन्याला साडेपाच हजार वाचवणार, म्हणजे जास्तीचे चार लाख सहा वर्षांत फिटणार आणि पुढं नफाच. पण चिपळूणच्या खेपा काढून टाकल्या तर महिन्याचे उरतात तीनशे किलोमीटर. मग तेच चार लाख फिटायला चौदा वर्षं. तोवर गाडीच मोडीत निघते. म्हणजे महाग गाडी घ्यावी की स्वस्त, हे सगळं एकाच आकड्यावर ठरतं, की पुढं गाडी किती पळणार.

आणि तो आकडा माणसं कधी खरा सांगत नाहीत. दुकानात उभा राहिलेला प्रत्येक जण म्हणतो आम्ही खूप फिरतो, आणि घेतल्यावर गाडी पार्किंगमध्ये धूळ खाते. म्हणून दोन वर्षांपूर्वी कायदा झाला की विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला गाडीचा आयुष्यभराचा खर्च काढून दाखवायचा, आणि त्यासाठी एका कंपनीनं 'दूरदर्शी' नावाचं यंत्र बाजारात आणलं. मी त्याला कुडमुड्या जोशी म्हणते. हा कुडमुड्या माणसाला काही विचारत नाही. तो जुन्या गाडीची आठवण वाचतो. धैर्यानं तीन वर्षांपूर्वी त्याच कंपनीचा इंधन वाचवायचा एक बोलका सल्लागार जुन्या गाडीत बसवून घेतला होता. त्यात प्रत्येक सीटखाली वजनाची चकती होती. कोण कधी बसलं, किती किलोचं होतं, किती लांब गेलं, सगळं साठत होतं. कुडमुड्यानं ते घेतलं, आपल्याकडच्या बारा लाख कुटुंबांच्या गाड्यांशी ताडून पाहिलं आणि पुढच्या दहा वर्षांच्या खेपा मांडून दिल्या. त्यात डॉक्टर नाही, नाडी नाही. वजन आणि तारीख, एवढंच.

कागदावर एक आलेख होता. वर लिहिलं होतं, पुढची डावी सीट. डावीकडे एकसष्ट किलोपासून निघालेली रेघ पायरी पायरीनं उतरत अकरा महिन्यांत पन्नासवर आली होती. जाताना आणि येताना, दोन्हीकडे तशीच. खाली दोन ओळी. ज्या सीटांवरचं वजन असं उतरलं त्यांच्यातल्या शंभरांपैकी शहाऐंशी सीट एकोणीस महिन्यांच्या आत कायमच्या रिकाम्या झाल्या. तेव्हा कराड-चिपळूण खेपा थांबतील असं धरून शिफारस: पेट्रोल.

"मी विक्रेत्याला विचारलं, असं का," धैर्या म्हणाला. "तो म्हणाला, आम्ही कारण सांगत नाही सर, फक्त किलोमीटर सांगतो."

मग त्यानं आईला दवाखान्यात नेलं. तिथं वजन केलं, पन्नास किलो. त्यानं डॉक्टरला कागद दाखवला. एकसष्टचे पन्नास झालेत म्हटल्यावर डॉक्टरही हबकला आणि एकामागून एक तपासण्या लिहून देत सुटला. कशात काही सापडेना, तर म्हणाला, सापडलं नाही म्हणजे नाही असं नाही. गाडी मोडीत द्यायची तारीख आली होती. धैर्यानं स्वस्त गाडी घेतली आणि वाचलेले चार लाख आईच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवले. चपला अजून हातातच होत्या.

मी आलेख बघत होते. माझी अर्धी नोकरी काट्यांसमोर गेलीय. काटा खोटं बोलत नाही हे मी रोज दुकानदारांना सांगते, पण त्याला हेही कळत नाही की त्याच्यावर काय ठेवलंय. म्हणून तर तूप तोलताना आधी रिकाम्या भांड्याचं वजन वजा करतात. ती रेघ एकसारखी उतरत नव्हती. ठरावीक ठिकाणी खाली पडत होती. मार्चमध्ये चार किलोनं. जूनमध्ये दोन किलोनं. दिवाळीनंतर आणखी दोन. पुढच्या जानेवारीत तीन.

मार्चमध्ये तांदूळ गेला होता. जूनमध्ये ज्वारी. दिवाळीनंतर शेंगदाणे. संक्रांतीनंतर घेवडा.

आणि परतीच्या रेघेतला मार्च म्हणजे माझे नारळ होते.

मी उठून कपाटाचं दार उघडलं. दर दिवाळीला मी घरात येईल त्याला काट्यावर उभं करते आणि आकडा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिते. नवरा म्हणतो हा खात्याचा रोग आहे. आईच्या नावापुढं पाच वर्षांचे पाच आकडे होते. पन्नास, साडेपन्नास, पन्नास, पन्नास, एकोणपन्नास आणि आठशे ग्रॅम. धैर्यानं ते वाचले. मग पुन्हा वाचले.

"मग एकसष्ट कसे आले?" त्यानं विचारलं.

"तिच्या मांडीवर काय असायचं, गाढवा?"

त्याला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तो चपला हातात घेऊनच खाली बसला. मला त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही, आधी राग आला. आई कराडात सगळीकडे पायी फिरते, मंडईत, देवळात. गाडीत बसते ती फक्त माझ्याकडे येताना, गाठोड्यासकट. शेजारी बसून स्टिअरिंग धरणाऱ्या पोराला ते दिसलं नाही आणि सीटखालच्या चकतीवर त्याचा विश्वास बसला. मी म्हटलं, तुझ्या बायकोनं तांदूळ बंद केला, शेंगदाणे बंद केले, आणि तुझ्या त्या यंत्रानं त्याला आजार म्हटलं.

"शर्वरीनं?" तो म्हणाला. "तिनं काहीच बंद केलं नाही. ती तर दर वेळी गाठोडं बांधून द्यायची. आईच काढून ठेवायची."

परसदारी पावलं वाजली आणि आई आत आली. धैर्याला माझ्या घरात बसलेला बघून ती दारातच थांबली. मग तिला कागद दिसला.

"काय लपवताय रं दोघं? वाच की मोठ्यानं."

आईनं चष्मा लावला आणि कागद स्वतःच उचलला. ती सातवी शिकलेली आहे, सावकाश वाचते. वाचत असताना मी तिला विचारलं, गाठोड्यातलं सामान तू का काढून ठेवायचीस.

"गाडीच म्हनायची की," कागदावरून डोळे न काढता आई म्हणाली. "घाट लागला की ती बाई बोलायची आतनं. पुढच्या डाव्या शीटवरचं वजन धा किलोनं कमी करा, मंजी ह्या खेपंला तेल वाचंल. दर खेपंला. आन हा म्हनायचा, ऐकलंस का आई. म्हटलं, आपल्यापायी पोराला भुर्दंड नगं. मी एकदम बंद करत न्हवते. तुला कळू नये म्हनून हळूहळू करत हुते."

शंभर किलोमीटरच्या वाटेवर दहा किलो जास्त घेतले तर किती तेल जळतं ते मी नंतर काढलं. घाट धरून अर्धा कप. अर्ध्या कपासाठी माझ्या भावानं आईच्या मांडीवरचं गाठोडं काढलं, आणि गाठोडं उतरलं म्हणून त्याच कंपनीच्या यंत्रानं आईला मारून टाकलं. मीही यात होते. चिडून नारळ बंद केले नसते तर परतीची रेघ तरी जागेवर राहिली असती आणि त्या कुडमुड्याला शंका आली असती. आम्ही दोघांनी मिळून तो आलेख काढला होता.

आईनं कागद वाचून संपवला, घडी घातली, चष्मा काढला.

"मंजी मी मरनार म्हनून ही गाडी घेतलीस तू?"

"मरणार म्हणून नाही आई," धैर्या म्हणाला. "येणं-जाणं थांबणार म्हणून."

माणसाच्या तोंडून कधी कधी असं वाक्य निघतं की ते मागं घ्यायला तोच धावतो. तोही धावला. दवाखान्याचे चार लाख, डॉक्टर, रात्रभर न लागणारी झोप, सगळं एका दमात सांगू लागला. आईनं हात वर केला.

"मग थांबलंच म्हन. त्या गाडीत मी पुन्यांदा बसायची न्हाई."

तो म्हणाला, आता तर सगळं उलगडलं, यंत्र चुकलं, तुला काही झालेलं नाही. आई म्हणाली, मला काय झालेलं न्हाई ते मला आधीपासनंच ठावं हाय. तो रडला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चार वाजता मी आईला स्कूटरवर घेतलं आणि नाक्यावर त्याच्या गाडीपुढून नेऊन चिपळूण-कराड एसटीत बसवलं. सत्तरी ओलांडलेली बाई, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होती. मी धावत जाऊन दुकानातून दोन नारळ आणले आणि तिच्या मांडीवर ठेवले. बस निघाली. धैर्याची गाडी थोडा वेळ तशीच उभी होती, मग तीही निघाली.

त्याला आता पाच महिने झाले. कराडच्या घरी सगळं सुरळीत आहे. आई त्याच्या हातचा चहा पिते, बदाम मात्र बंद करायला लावलेत. त्याच्याशी बोलते, नातवंडांच्या तक्रारी सांगते. शर्वरी पुन्हा गाठोडं बांधून देते, भरलेलं, अकरा किलोचं. तिला मी वर्षभर ज्या शिव्या घातल्या त्यांची माफी अजून मागितलेली नाही. मागेन. पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आई सकाळी कराड स्टँडवर जाते आणि लाल गाडीत बसते, गाठोडं मांडीवर. कंडक्टर म्हणतो मावशी, वर ठेवा. ती म्हणते, न्हाई.

आणि त्या लाल गाडीच्या मागं माझ्या भावाची एसयूव्ही असते.

पहिल्यांदा मला वाटलं योगायोग. मग कळलं, तो दर खेपेला येतो. कराडपासून चिपळूणपर्यंत एसटीच्या मागं, आणि परतीलाही. घाटात बस दहाच्या वेगानं चढते, तर हाही दहाच्या वेगानं. आईला वाटेत काही झालं तर, असं तो शर्वरीला म्हणाला. आई मागं वळून बघत नाही. नाक्यावर ती उतरते, मी तिला घेऊन जाते, आणि तो पूर्वीसारखाच गाडीत बसून डबा खातो. पुढची डावी सीट रिकामी.

नव्या गाडीतही त्याच कंपनीचा बोलका सल्लागार होता, त्यामुळे मधल्या काळात दूरदर्शीचा निरोप आला होता त्याला. शर्वरीनं मला फोनवर वाचून दाखवला. अभिनंदन, तुमची पुढची डावी सीट अंदाजापेक्षा पंधरा महिने आधी रिकामी झाली आहे, त्यामुळे तुमचा खरेदीचा निर्णय आणखी फायद्याचा ठरला आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी दुसरा निरोप. सीट रिकामी असूनही कराड-चिपळूण खेपा चालूच आहेत आणि घाटात गाडी फार हळू चालवली जात आहे, याचं कारण आढळत नाही. या वापरासाठी तुम्ही महाग गाडी घेणं योग्य ठरलं असतं. बैल गेला आणि झोपा केला. चुकलो म्हणायचीही त्या कुडमुड्याला पद्धत नाही.

परवाच्या शनिवारी मी आईचं गाठोडं बांधलं. नारळ, कोकम, उकडे तांदूळ. मग दुसरं बांधलं, तेवढंच. आई खाटेवर बसून बघत होती, कुणासाठी ते तिनं विचारलं नाही. दोन्ही काट्यावर ठेवून मी वजन सारखं केलं.

नाक्यावर आईला बसमध्ये बसवून मी एसयूव्हीपाशी गेले आणि डावीकडचं दार उघडलं. धैर्या दचकला. मी गाठोडं पुढच्या डाव्या सीटवर ठेवलं. गाडी ताबडतोब बोलली. पुढच्या डाव्या सीटवर प्रवासी आढळला आहे, कृपया पट्टा लावा.

"हे तुझ्या घरचं," मी म्हटलं. "मांडीवर घेऊन गाडी चालवता येत नाही, म्हणून सीटवर ठेवलं. पायाशी ठेवू नकोस."

त्यानं पट्टा ओढला, गाठोड्यावरून घेतला आणि खटकन लावला. गाडी पुन्हा बोलू लागली, पुढच्या डाव्या सीटवरचं वजन दहा किलोनं कमी केल्यास. त्यानं बटण दाबून तिचं तोंड बंद केलं. आभार मानले नाहीत, मीही थांबले नाही.

बस निघाली. खिडकीतून आईनं आम्हा दोघांकडे बघितलं, आणि मग सरळ समोर बघायला लागली. धैर्यानं गाडी सुरू केली आणि बसच्या मागं लावली. समोरच्या पडद्यावर त्याचं ॲव्हरेज लिहून आलं होतं, साडेआठ. त्यानं ते पाहिलं आणि गाडी तशीच पुढं नेली.